वादळ ‘कमजोर’ झाल्याची बातमी आली की मांजरा नदीकाठी काय करायचं: नव्याने राहायला आलेल्यांसाठी

बंगालच्या उपसागरात उठलेलं चक्रीवादळ आपल्यापर्यंत कशाला येतंय, असं लातूर, बीड, धाराशिवकडे बदली होऊन किंवा लग्न होऊन नव्याने आलेल्या माणसाला वाटणं साहजिक आहे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. टीव्हीवर ‘वादळ जमिनीवर धडकलं, जोर ओसरला’ अशी पट्टी फिरली की आपण चॅनल बदलतो. मांजरा, तेरणा, सीना या नद्यांच्या काठी मात्र त्या पट्टीनंतरच कामाला लागायचं असतं.

2021 चं ‘गुलाब’ घ्या. 26 सप्टेंबरच्या संध्याकाळी ते आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर, कलिंगपट्टणमजवळ धडकलं. दुसऱ्या दिवशी वारा मंदावून त्याचं डिप्रेशन (चक्रीवादळाच्या खालची पायरी) झालं, तेलंगणातून ते पश्चिमेला सरकत आलं आणि मराठवाड्यावर कोसळलं. मांजरा धरणाचे 18 च्या 18 दरवाजे उघडावे लागले. (2016 मध्ये हेच धरण कोरडं पडल्यामुळे लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं.) नदीकाठच्या गावांत एनडीआरएफच्या बोटी फिरल्या, काही ठिकाणी हेलिकॉप्टरने माणसं उचलावी लागली. पुढे तेच उरलंसुरलं वादळ अरबी समुद्रात उतरलं आणि ‘शाहीन’ नावाने ओमानवर जाऊन धडकलं.

मी नदीकाठच्या गावातच राहतो. दुष्काळात कसं जगायचं हे आमच्याकडे पोरंही सांगतील. पुरात काय करायचं हे मात्र ऐनवेळी एकमेकांना विचारत बसतात. म्हणून हा लेख.

1. बातमीत वाऱ्याचा वेग बघू नका, मिलिमीटर बघा

हवामान खातं वादळाची प्रतवारी वाऱ्यावरून करतं. वारा ताशी 62 किलोमीटरच्या पुढे गेला की चक्रीवादळ, 50 ते 61 तीव्र डिप्रेशन, 31 ते 49 डिप्रेशन आणि त्याच्या खाली कमी दाबाचं क्षेत्र. या उतरंडीत पावसाचा हिशेब कुठेच नसतो. जमिनीवर आल्यावर वारा पडतो, पण समुद्रावरून आणलेलं बाष्प तसंच असतं. त्यात ही यंत्रणा एका पट्ट्यावर रेंगाळली की रात्रभर तिथेच ओतत राहते.

पावसाचे आकडे असे वाचा: 24 तासांत 64.5 मिमीच्या पुढे मुसळधार, 115.6 च्या पुढे अति मुसळधार, 204.5 च्या पुढे अत्यंत मुसळधार. महसूल खातं 65 मिमी झाले की त्या मंडळात (काही गावांच्या महसुली गटात) अतिवृष्टी धरतं. इशाऱ्यांत यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हला.

माझं मत विचाराल तर सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात ऑरेंजलाही रेडच समजा. जूनमध्ये पडलेला शंभर मिमी पाऊस भेगाळलेली काळी जमीन पिऊन टाकते. सप्टेंबरपर्यंत ती माती फुगून गच्च झालेली असते, वरचं पाणी सरळ ओढ्याला लागतं. शिवाय पावसाळा संपत आला म्हणून धरणं काठोकाठ भरून ठेवलेली असतात. वरून आलं तेवढं खाली सोडण्यावाचून पर्याय राहत नाही.

इथला पहिला सापळा: इशारा जिल्ह्याच्या नावाने येतो, पाणी मात्र जिल्हा बघून येत नाही. लातूरच्या नदीकाठी राहत असाल तर बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, केज भागात किती पाऊस झाला ते बघा. तुमच्या अंगणात ऊन पडलेलं असतानाही नदी चढू शकते.

2. तुमच्या घरावर पाणी कुठून येईल ते आधी शोधा

हे काम कोरड्या दिवशी करायचं. गावातल्या जुन्या माणसाला घेऊन एक चक्कर मारा आणि एकच प्रश्न विचारा: ‘2021 ला पाणी कुठवर आलं होतं?’ देवळाची पायरी, शाळेची भिंत, विजेचा खांब, कुठेतरी खूण सापडतेच. ‘इथवर कधीच येत नाही’ असं ठामपणे सांगणाऱ्याला, हे ‘कधीच’ कोणत्या सालापासूनचं, तेही विचारा. दुष्काळाच्या वर्षांत मोठा झालेला माणूस खोटं बोलत नसतो, पण त्याने नदीच पाहिलेली नसते.

जलसंपदा विभागाने अनेक नद्यांच्या काठाने निळी आणि लाल पूररेषा आखलेली असते. निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. भाड्याने घर घेताना नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा. घरमालक आपणहून सांगणार नाही.

पाणी तीन वाटांनी येतं. नदी पात्र सोडून येते, ही सगळ्यांना माहीत असलेली वाट. दुसरी वाट ओढ्याची: नदी फुगली की ओढ्याचं पाणी नदीत शिरू शकत नाही, उलटं मागे सरकतं आणि नदीपासून लांब असलेल्या वस्तीत घुसतं. तेरणा जिथे मांजराला मिळते त्या बाजूच्या गावांना हे मोठ्या प्रमाणावर भोगावं लागतं. तिसरी वाट घरातलीच. पाणी दाराशी यायच्या आधी मोरीतून बुडबुडे यायला लागतात, गुडगुड आवाज येतो, काळं पाणी वर चढतं. मोरीच्या आणि संडासाच्या तोंडावर मातीने अर्ध्या भरलेल्या खताच्या पिशव्या दाबून ठेवा. गच्च भरलेली पिशवी टणक होते, बसत नाही. अर्धी भरलेली तोंडावर नीट पसरते.

3. विसर्गाची बातमी वाचायला शिका

‘अमुक धरणाचे इतके दरवाजे उघडले’ या मथळ्यावरून काहीच कळत नाही. सहा दरवाजे पाव मीटर उचलले आणि सहा दरवाजे दोन मीटर उचलले यात प्रचंड फरक आहे. बघायचा तो आकडा क्युसेकचा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. एकच आकडा बघून उपयोग नाही. तो वाढतोय की उतरतोय ते बघा. सकाळी पाच हजार, दुपारी पंधरा, संध्याकाळी तीस अशी चढती कमान दिसली तर रात्रीची वाट बघू नका.

धरणातून सोडलेलं पाणी तुमच्या गावाला पोचायला काही तास लागतात. किती, ते धरणापासूनच्या अंतरावर आणि मधल्या बंधाऱ्यांवर ठरतं. पाटबंधारेच्या शाखा कार्यालयात किंवा वरच्या गावातल्या ओळखीच्या माणसाला विचारून हा वेळ भिंतीवर लिहून ठेवा. वरच्या गावात असा एकजण असणं हे कुठल्याही ॲपपेक्षा भारी.

दुसरा सापळा लहान तलावांचा. साठवण तलाव, पाझर तलाव यांना दरवाजेच नसतात. भरले की सांडव्यावरून आपोआप वाहतात, त्याचा ना भोंगा वाजतो ना दवंडी पिटली जाते. तुमच्या वरच्या अंगाला असा तलाव असेल तर पावसात त्याच्या भिंतीवर गावातलं कुणी जाऊन येतंय ना, याची खात्री करा. भिंतीतून गढूळ पाणी झिरपायला लागलं तर वाट न बघता तहसीलला फोन.

कोल्हापुरी बंधाऱ्याच्या शेजारी जमीन असेल तर आणखी एक गोष्ट. बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) लवकर टाकलेले असले की पूर बंधाऱ्याला वळसा घालून बाजूचं शेत कापत नेतो. वादळाची चाहूल लागताच बर्गे काढायला ग्रामपंचायतीकरवी आग्रह धरा.

4. कागद आणि पिशवी

कागद दोन जागी हवेत: मूळ प्रती जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून पिशवीत, आणि फोटो काढून गावाबाहेरच्या नातेवाइकाच्या व्हॉट्सअपवर. तुमचा फोन भिजला तरी ते राहतात.

- आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक
- सातबारा, आठ-अ, फार्मर आयडी. भाडेकरू असाल तर भाडेकरार
- पीक विम्याची पावती आणि ई-पीक पाहणी (मोबाइलवरून केलेली पिकाची नोंद) केल्याचा स्क्रीनशॉट
- जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे 12 अंकी क्रमांक, प्रत्येक जनावराच्या फोटोसह
- पोरांचे दाखले, गुणपत्रिका
- रोजची औषधं आठवड्याची, चिठ्ठीसकट
- बॅटरी, पॉवर बँक, शिट्टी, जाड दोर, काडेपेटी प्लास्टिकमध्ये
- पिण्याचं पाणी, भाजलेले शेंगदाणे, गूळ, चिवडा, बिस्किटं

नंबर कागदावरही लिहून ठेवा: 112 सगळ्या आणीबाणीला, 1077 जिल्हा नियंत्रण कक्ष, 1070 राज्याचा कक्ष, 108 रुग्णवाहिका, 1962 जनावरांचा डॉक्टर, 1912 वीज. मोबाइलवर ‘सचेत’ आणि विजेसाठी ‘दामिनी’ ही सरकारी ॲप टाकून ठेवा.

5. वीज: मेन बंद केला म्हणजे झालं असं नाही

पाणी उंबऱ्याला लागायच्या आत, कोरड्या हाताने आणि कोरड्या जागी उभं राहून मेन स्विच पाडा. पाय पाण्यात असतील तर हात लावू नका, महावितरणला फोन करा. यातला फसवा भाग इन्व्हर्टर. मेन पाडला तरी तो घरात वीज देत राहतो, त्यामुळे त्याचं बटण वेगळं बंद करावं लागतं. बॅटरी जमिनीवर असेल तर आदल्या दिवशीच वर उचलून ठेवा. सौर पंपाचीही तीच गत, दिवसा ऊन असेतोवर पॅनलच्या वायरीत वीज असतेच. गॅसचा रेग्युलेटर बंद करा आणि सिलिंडर दोराने बांधा. नाहीतर तो तरंगत फिरतो.

6. मोटार, गंजी, जनावरं

पुरात बरीच माणसं घराबाहेर मरतात. नदीवरची पाण्याची मोटार काढायला, शेतातली जनावरं सोडायला किंवा सोयाबीनची गंजी झाकायला गेलेली असताना पाणी त्यांना गाठतं. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

मोटार: ऑरेंज इशारा आला त्याच दिवशी, उजेडात, दोघा-तिघांनी मिळून वर ओढायची. स्टार्टर पेटीही काढायची. पाणी वाढायला लागल्यावर मोटारीचा नाद सोडा. नदी चढताना आधी काठ पोखरते, वरून जमीन शाबूत दिसते आणि माणूस उभा असतो तो अख्खा तुकडा खाली बसतो.

गंजी: सोयाबीन काढणीची वेळ आणि या वादळांची वेळ नेमकी एकच. कापून टाकलेलं सोयाबीन सखल रानात पसरलेलं ठेवू नका, उंचवट्यावर गंजी लावा. ताडपत्री नुसती अंथरली तर वारा उपसतो. कडेने माती ओढा, वरून दोर फिरवा. खालून पाणी लागू नये म्हणून बुडाशी पऱ्हाट्यांचा थर द्या. कापणी झालेली नसेल तर दोन दिवस थांबणं परवडतं. भिजलेल्या गंजीला कोंब फुटले की बाजारात कुणी विचारत नाही.

जनावरं: दावणीला बांधलेलं जनावर जागेवर बुडतं, मोकळं सोडलेलं पोहून वर निघतं. इशारा आला की संध्याकाळीच त्यांना गावठाणाकडे किंवा माळावर हलवा, सोबत दोन दिवसांचा कडबा न्या. ते जमलं नाही आणि निघायची वेळ आली तर निदान दावी सोडा, गोठ्याचं फाटक उघडं ठेवा. गाठ ओली होऊन आवळली की हाताने सुटत नाही, म्हणून दाव्याजवळ विळा अडकवलेला असू द्या. शेळ्या आणि लहान वासरं पाण्यात टिकत नाहीत, ती सगळ्यात आधी.

7. पुलावरून पाणी जात असेल तर

परत फिरा. 28 सप्टेंबर 2021 ला ‘गुलाब’च्याच पावसात यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यात पुलावरच्या पाण्यातून निघालेली एसटी वाहून गेली आणि त्यात जीव गेले. एसटीच्या वजनापुढे तुमच्या दुचाकीचं किंवा कारचं वजन ते किती! वाहतं पाणी अर्धा फूट असलं तरी माणसाचे पाय सुटू शकतात, एक फुटात लहान गाडी तरंगायला लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या जातात. वरून पूल दिसत नाही, आणि त्याचा कठडा किंवा भराव कधी गेलाय ते तुम्हाला कळणार नाही.

‘आत्ताच एक ट्रॅक्टर गेला’ हे वाक्य पुलाच्या दोन्ही टोकांना हमखास ऐकू येतं. तिथे बघे जमलेले असतात, कुणीतरी मोबाइल धरून उभा असतो. त्यांच्यासमोर मागे फिरायची लाज वाटते म्हणून माणूस गाडी पुढे घालतो. खुशाल लाज वाटू द्या. पाहुण्यांकडे रात्र काढा, शाळेत झोपा. नोकरदारांनी साहेबांना आधीच सांगून ठेवावं की अशा दिवशी गावाबाहेर पडणं जमणार नाही.

8. घर कधी सोडायचं

निर्णय अंधार पडायच्या आत. दुपारी चार-पाचला विसर्ग वाढता असेल, रात्रीचा पाऊस सांगितलेला असेल आणि तुमचं घर 2021 च्या खुणेच्या खाली असेल, तर जेवण करून निघा. म्हातारी माणसं, गरोदर बाई, आजारी माणूस घरात असेल तर सकाळीच निघा. गावातली उंचावरची पक्की जागा, बहुधा जिल्हा परिषदेची शाळा किंवा समाजमंदिर, आधी बघून ठेवा. किल्ली कुणाकडे असते ते विचारलेलं बरं. नाहीतर रात्री दोनला शिपाई शोधत फिरावं लागतं.

माळवदाच्या घरात राहत असाल तर पुराची वाट बघायची गरजच नाही. मातीचं छत आणि दगड-मातीच्या भिंती दोन दिवसांच्या झडीने आतून भिजतात आणि वजनाने खाली येतात. भिंतीला पोट आलं, छतातून मातीचे ढेकळे पडायला लागले की त्या खोलीत झोपू नका. पाऊस थांबून ऊन पडल्यावरही चार-पाच दिवस धोका असतो.

अडकलातच तर गच्चीवर किंवा घराच्या सगळ्यात पक्क्या उंच भागावर जा. 112 ला गाव, वस्तीचं नाव, किती माणसं, त्यात आजारी कोण, एवढं सांगा आणि लोकेशन पाठवा. मग फोन जपून वापरा. व्हिडिओ काढण्यात बॅटरी घालवू नका. रंगीत साडी किंवा चादर बांधून खूण करा. पोहता येतं म्हणून उडी टाकू नका, कारण पुराच्या पाण्यात तारा, काटेरी बाभळी, ओंडके सगळं वाहत असतं. बुच घट्ट लावलेले रिकामे प्लास्टिक कॅन दोराने बांधून तरंगायला आधार म्हणून जवळ ठेवा.

9. पाणी उतरल्यावर

घरात शिरताना हातात काठी आणि पायात बूट. साप, विंचू कोरडी जागा शोधत कपाटात, अंथरुणात, चुलीच्या पोकळीत येऊन बसलेले असतात. चावला तर सरळ सरकारी दवाखाना. चिरा देणं, पाय आवळून बांधणं, मंत्र घालायला नेणं, यात वेळ जातो. वायरमनने बघितल्याशिवाय मेन चढवू नका.

विहीर, बोअर, हौद, तिन्हीत पुराचं पाणी गेलेलं असतं. पाणी उपसून टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची) पावडर टाकायची. प्रमाण ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी किंवा आरोग्यसेवक सांगतो. तोवर उकळूनच प्या. पायाला जखम असेल आणि चिखलात काम केलं असेल, तर ताप येताच आरोग्य केंद्रात जाऊन पुरात होतो हे आवर्जून सांगा; लेप्टोची (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाची) शंका डॉक्टरला त्यावरूनच येते.

10. पंचनामा

साफसफाईच्या आधी फोटो. भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं धान्य, खरवडलेलं रान, मेलेलं जनावर, सगळ्यांचे तारीख-वेळ आणि लोकेशनसह फोटो घ्या. जनावर पुरायची घाई करू नका. पशुवैद्यकीय डॉक्टरांचा पंचनामा आणि बिल्ल्याचा क्रमांक आधी. जमीन खरवडून गेली असेल तर ती पिकाच्या नुकसानीपेक्षा वेगळी नोंदवावी लागते, हे तलाठ्याला स्वतःहून सांगा.

तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतील त्या दिवशी शेतात हजर राहा. सही करण्याआधी गट नंबर, क्षेत्र आणि पीक वाचून घ्या. ई-पीक पाहणीत कापूस आणि रानात सोयाबीन असं निघालं की तिथेच अडतं. पीक विम्याचा अर्ज सरकारी मदतीपेक्षा वेगळा असतो आणि त्याच्या अटी बदलत राहतात, म्हणून यंदाच्या पावतीवर काय लिहिलंय ते त्याच दिवशी बघा आणि मुदतीच्या आत कळवा. मागच्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका.

मदतीच्या यादीत नाव लागलं की विशिष्ट क्रमांक मिळतो. तो घेऊन सेतू किंवा सीएससी केंद्रावर जा आणि ई-केवायसी करावी लागते का ते विचारा. लागत असेल आणि ती बाकी राहिली तर पैसे अडकू शकतात. खातं आधारला जोडलेलं आहे ना, ते बँकेत आधीच विचारून घ्या. सामाईक सातबारा असेल तर भावा-भावांचं संमतीपत्र लागतं, त्यासाठी सगळे गावात असतील तो दिवस गाठा.